रस्ता बंद आहे

'रस्ता बंद आहे' या पाटीइतकी माणसाला खच्ची करणारी दुसरी पाटी नसेल. 'येथे थुंकू नये' ही पाटी आपण मनावर घेत नाही. 'चौकशी करू नये' ही पाटी वाचल्यावर तर आपण हमखास चौकशी करतो. पण 'रस्ता बंद आहे' म्हटलं की मुकाट्यानं वळावं लागतं. आम्हा पुणेकरांना ही पाटी बाराही महिने भेटते. कधी पाइपांसाठी, कधी मांडवासाठी, कधी कशासाठी ते खणणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यामुळे रस्ता बंद असल्याचा माणसाला आनंद होऊ शकतो, हे पटायला मला वयाची सदुसष्ट वर्षं आणि स्वित्झर्लंडपर्यंतचा प्रवास लागला.

मुलगी आणि जावई तिकडे असतात. एका शनिवारी रात्री जावई म्हणाले, "बाबा, उद्या रस्ता बंद!" आणि हे अशा चेहऱ्यानं, की जणू 'उद्या पुरणपोळी!'

मग उलगडा झाला. त्या देशात 'स्लोअप' नावाचा एक प्रकार आहे. एखाद्या रविवारी एखाद्या भागातले रस्ते मोटारींना दिवसभर बंद ठेवायचे आणि सायकलवाल्यांना, चाकांचे बूट घालून घसरणाऱ्यांना, चालणाऱ्यांना मोकळे सोडायचे. २००० साली मुर्टेनच्या सरोवराभोवती हे पहिल्यांदा झालं आणि मग गावोगाव पसरलं. आमचा रविवार श्वित्सच्या परिसरातला. याच श्वित्सवरून साऱ्या देशाला नाव मिळालं. ब्रुनेन या काठावरच्या गावाहून निघायचं आणि लाउएर्त्सच्या छोट्या सरोवराकडे जायचं. बाजूला रिगीचा डोंगर, पाण्यात मधोमध चिमुकलं बेट. आगगाडीतून सायकली नेल्या. तिथं सायकलीलाही तिकीट लागतं. माझ्या सायकलीला बॅटरी होती, कारण माझ्या गुडघ्यांना नाही. चढ आला की ती मागून हलकेच रेटा देई. चालत्या एसटीत आपल्याला कोणीतरी आत ढकलावं, तसा.

उभ्या जन्मात मी सायकल चालवली ती रस्त्याच्या डाव्या कडेनं, गटारांच्या झाकणांवरून, मागच्या हॉर्नला भीत भीत. त्या दिवशी मी थेट मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून निघालो. रस्त्याचा मध्यभाग कसा असतो, हे मला तेव्हा कळलं. चांगला गुळगुळीत असतो! पुढे एक बाई पोराला मागच्या गाडुल्यात बसवून ओढत होत्या. शेजारून एक आजोबा टोपलीत कुत्रा घेऊन चालले होते. कुत्रा आजोबांपेक्षा गंभीर होता. आणि ऐकू काय येत होतं? सायकलींच्या साखळ्यांची टिकटिक, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, कुठंतरी ओढ्याचं पाणी आणि तीन वळणं पलीकडे भोकाड पसरलेलं एक मूल. मूल रडतंय हे तीन वळणांवरून ऐकू येणं, ही मला तरी चैनीची परमावधी वाटली.

"डोंगरातली शांतता काही औरच!" मी म्हणालो. प्रवासाला गेल्यावर असली वाक्यं म्हणायची असतात. पण पुढच्याच फाट्यावर त्या वाक्याची हवा गेली.

फाट्यावर दोरी लावलेली होती. दोरीमागे एक लहानशी मोटार उभी. चालवणाऱ्या आजी, शेजारी आजोबा, आणि मागच्या सीटवर घडी केलेला चाकांचा वॉकर. पिवळं जाकीट घातलेला स्वयंसेवक त्यांच्याशी अदबीनं बोलत होता. आम्ही सायकलवाले संपायची वाट बघत ती दोघं बसली होती, आणि आम्ही काही संपत नव्हतो. शेवटी स्वयंसेवकानं हात वर केला, आम्ही थांबलो, दोरी सुटली आणि मोटार मुंगीच्या पावलांनी रस्ता ओलांडून गेली. आजींनी आम्हाला हात केला. मीही केला, पण माझा हात जरा ओशाळलेला होता.

ही शांतता डोंगरातली नव्हतीच. डोंगर तिथं शनिवारीही होता. ही शांतता कोणीतरी थांबल्यामुळे झालेली होती. एरवी आपण म्हणतो, मोटार म्हणजे माज, सायकल म्हणजे साधेपणा. पण त्या आजोबांचे पाय म्हणजे ती मोटार होती. आणि माझ्या गुडघ्यांचा रागरंग पाहता आणखी पाच-सात वर्षांनी मी त्याच सीटवर बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा माझ्या मोकळ्या रस्त्यासाठी त्यांनी थांबावं, हा न्याय कुठला?

दुपारी सॉसेजच्या दुकानापाशी बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ भेटले. जावयांनी दुभाष्याचं काम पत्करलं. मी माझी शंका विचारली, तर ते हसले. म्हणाले, आमच्या देशाचं या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ भांडण चाललं आहे. पूर्वेकडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात १९०० ते १९२५ अशी पंचवीस वर्षं मोटारींना बंदी होती. आल्प्सचे घाट, सरोवरं, सगळं शांत. बाहेरून कोणी मोटार घेऊन आलाच, तर इंजिन बंद करायचं आणि पुढे घोडे जुंपायचे! लोकांनी मतदानात कितीदा तरी 'मोटार नको' असं सांगितलं, आणि १९२५ साली अखेर 'येऊ दे' म्हणाले.

मग आलं १९७३. अरब राष्ट्रांनी तेल आखडलं आणि सरकारनं नोव्हेंबर-डिसेंबरचे तीन रविवार मोटारी बंद ठेवल्या. "मी अठरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "हायवेवर चाकांचे बूट घालून घसरलो. शेजारून घोडे चालले होते. तसे रविवार पुन्हा पाहिले नाहीत."

तसे रविवार पुन्हा मिळावेत, म्हणून १९७८ साली मतदान झालं. वर्षाला बारा रविवार मोटारबंद ठेवावेत का? २००३ साली पुन्हा झालं. बारा जाऊ द्या, ऋतूला एक, असे चारच ठेवू, तेही चार वर्षं प्रयोग म्हणून. दोन्ही वेळा शंभरात साठाहून जास्त मतं विरोधात पडली.

"तुम्ही काय मत दिलंत?" मी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर साली 'नको'. तेव्हा नुकतीच मोटार घेतली होती. २००३ साली 'हवं'. पहिल्यांदा जिंकलो आणि हळहळलो. दुसऱ्यांदा हरलो."

मला हा मनुष्य थोर वाटला. चांगली गोष्ट डोक्यावर येऊन आदळली की आपण आनंदानं तिच्यात न्हाऊन निघतो. पण 'तुम्ही आपणहून घ्याल का?' असं विचारलं की आपल्याला एकदम कामं आठवतात. उपासाचंही तसंच आहे. घरातल्यांनी धरायला लावला तर निभतो. स्वतः ठरवला तर अकराला भूक लागते.

पण त्या फाट्यावरच्या दोरीचं काय? येताना मला आपल्याकडची पाटाच्या पाण्याची पाळी आठवली. पाट एकच. आज पाणी तुझ्या शेतात, परवा माझ्या. तुझी पाळी असताना मी बांधावर बसून तंबाखू मळायची. 'पाणी माझ्या बापाचं' असं म्हणायचं नाही. पाण्याला पाळी लावता येते, तर रस्त्याला का नाही? ग्राउब्युंडेननं पंचवीस वर्षं एकालाच पाणी दिलं, ते टिकलं नाही. आपण आता दुसऱ्यालाच देत बसलो आहोत. तेही किती टिकेल, कोण जाणे! रस्ता कुणाचा, या प्रश्नाला माझ्या मते उत्तर नाही. 'आज कुणाचा?' याला आहे. मात्र ज्याची पाळी आहे त्यानं एवढं ध्यानात ठेवावं, की दोरीमागे कोणीतरी बसलेलं आहे. आणि वॉकरवाल्यासाठी पाळी मध्येच मोडायची, हे तर पाटकऱ्यालाही शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी दोऱ्या सुटल्या. मागून पहिली मोटार आली. सवयीनं मी कडेला झालो आणि वळून पाहिलं. मोटारीच्या टपावर दोन सायकली बांधलेल्या होत्या. दिवसभर ज्याची पाळी होती, आता पुन्हा त्याचीच पाळी आली होती.