उघडी वही

लिनक्सवर एखादा प्रोग्राम सोर्स कोडवरून बसवताना नवशिका तीन आज्ञा देतो : कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. पहिली यंत्राची पाहणी करते, दुसरी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करते आणि तिसरी, बहुधा सर्वाधिकारी 'रूट'च्या नावाने, तयार फायली जागच्या जागी ठेवते. कोड उघडा असतो. पण तो वाचतो कोण? मी तरी सहसा नाही. मग या विश्वासाला डोळस कसे म्हणावे?

केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवले, की कोड निर्मळ असला तरी कंपायलर गुपचूप चोरवाट ठेवू शकतो. २०२४ मध्ये 'एक्सझेड'च्या गठ्ठ्यात निराळ्या रीतीने, पण खरोखरीच चोरवाट निघाली. ठेवणारा विश्वासू सहकारी म्हणून वावरत होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकले म्हणून ती सापडली.

देवस्थानची हिशेबवही उघडी ठेवल्याने हिशेब चोख होत नाही. शंका आलेल्याला ती चाळता येते, एवढेच. पण हे 'एवढेच' थोडे नव्हे. सर्वांनी सर्व वाचणे अशक्य. मात्र 'कुणीतरी वाचले असेल' असे सर्वांनीच म्हटले, तर उघडी वहीही बंदच राहते.