बुडाले ते अधिक पापी होते काय?

ता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळात सापडून काश्याच्या खडकाजवळ उलटली व ६०० हून अधिक माणसे बुडाली. छत्रपती संभाजीनगराभोवतालच्या आपल्या खेड्यांपासून समुद्र दूर आहे, तथापि विहिरीची दरड कोसळली किंवा कोणावर वीज पडली म्हणजे आपणही म्हणतो, "त्याचे पाप त्यास भोवले." असे म्हणता म्हणता, आपण वाचलो ते नीतिमान म्हणून, असा गर्व मनात शिरतो.

शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, त्यांजविषयी बोलताना प्रभूने हाच तर्क मोडला आणि ऐकणाऱ्यांसच पश्चात्तापास बोलाविले. ईयोबाचे मित्र ७ दिवस त्याजजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांनी मित्रधर्म पाळला. त्याचे दोष काढू लागले तेव्हा ते चुकले. ‘रामदास’मधील कित्येकांस कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले, कोण पापी, हे विचारीत बसण्यास तेथे अवकाश नव्हता.

तर बंधुभगिनींनो, शोकाच्या घरी आपण कारण सांगावयास जाऊ नये. भाकरी घेऊन जावे, आणि रडणाऱ्यांजवळ बसावे.