एक म्हणजे खरें काय ?

'एक' हा आंकडा आणि 'खरें' हा निर्णय या दोन वस्तु एकच आहेत काय, हा प्रश्न केवळ तार्किकांच्या वादाचा वाटेल. पण ज्या संगणकांत आज रुग्णालयांचीं टिपणें ठेविलीं जातात, त्यांना तो क्षणोक्षणीं सोडवावा लागतो. एसक्यूएल या भाषेच्या निरनिराळ्या प्रणाली त्याचें निरनिराळें उत्तर देतात.

मायएसक्यूएलमध्यें 'बूलियन' हें एका लहान पूर्णांकाचेंच दुसरें नांव होय : खऱ्याच्या जागीं १, खोट्याच्या जागीं ०. अट म्हणून नुसता २ लिहिला तर ती खरी ठरते, कारण शून्याखेरीज सारेंच खरें; पण '२ बरोबर खरें काय ?' असें विचारतांच उत्तर नकारार्थी येतें, कारण आतां खऱ्याचा १ झालेला असतो ! पोस्टग्रेसक्यूएल मात्र अशी तुलनाच नाकारतें. रूपांतर हवें तर तसें स्पष्ट लिहा, असा त्याचा दंडक आहे.

मोकळीक देणारे जॉर्ज बूलचा आधार घेतील. त्यानें १८५४ च्या आपल्या ग्रंथांत तर्काला बीजगणिताचा वेष चढविला व त्यांत ० आणि १ हींच चिन्हें ठेविलीं, हें खरें. परंतु त्याचा १ मोजणीचा नव्हता. तो 'सर्व विश्व' या अर्थाचा होता. शिवाय त्या गणितांत २ ला जागाच नव्हती. सगळा घोटाळा या आगंतुक २ चाच आहे.

पुष्कळ छापील प्रश्नावलींत 'होय' ला १ व 'नाहीं' ला २ असा संकेत असतो. असे कागद पाहून कारकुनानें 'संमति दिली काय' या रकान्यांत २ भरला, तर मायएसक्यूएल तो निमूटपणें स्वीकारतें. आणि पुढें कोणी 'संमति असलेले रुग्ण दाखवा' एवढीच अट घातली कीं नकार देणारा मनुष्य होकार देणाऱ्यांत जाऊन बसतो. यंत्र चकार शब्द काढीत नाहीं.

न सांगतां मन ओळखणारा सेवक आम्हांसहि आवडतो. त्यानें भाजींत मीठ अंदाजानें घातलें तर चूक निदान आपल्याच जिभेला कळते. येथें अंदाज यंत्राचा, सोय प्रश्न लिहिणाऱ्याची, आणि शस्त्रक्रिया तिसऱ्याचीच ! म्हणून पोस्टग्रेसक्यूएलचा हेकटपणा आम्हांस अधिक सभ्य वाटतो. तेथेंहि रूपांतर केल्यास २ चें 'खरें'च होतें, हें आम्ही लपवीत नाहीं. पण तें करणाऱ्याला तसें आपल्या हातानें लिहावें लागतें, आणि लिहितांना हा २ कोठून आला, असें विचारण्याची त्याला एक संधि तरी मिळते.