चुकीची तिथी आणि खोटी साक्ष

शंका : एकादशी बुधवारी असताना घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती गुरुवारी असल्याचे सांगितले आणि सगळ्यांचा उपवास हुकला. सांगणाऱ्याला असत्य बोलल्याचा दोष लागतो काय?

समाधान : त्यांची तशीच खात्री असेल तर लागत नाही. बोलणे वस्तुस्थितीशी जुळले नाही तर ती चूक. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मनाशी जुळले नाही तर ते खोटे. भारतीय दार्शनिक ग्रंथांत वक्त्याचे चार दोष सांगितले जातात. दोरीच्या जागी साप दिसणे हा भ्रम, पंचांगाचे भलतेच पान उघडणे हा प्रमाद, दृष्टी अधू असल्याने बारीक अक्षर न लागणे हे करणापाटव. चौथा दोष विप्रलिप्सा, म्हणजे फसवण्याची इच्छा. खोटेपणा येतो तो एवढ्या एकातच. प्रमाद मात्र अगदीच निर्दोष नाही. पंचांग हाताशी असून ते नीट पाहिले नाही, याचा जाब निष्काळजीपणाबद्दल द्यावाच लागतो. (स्मार्त आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आल्या असतील, तर मुळात चूक झाली का, हेच आधी पाहावे.)

शंका : शब्द खरे असले म्हणजे पुरे नाही काय?

समाधान : नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यानुसार जसे पाहिले, अनुमानले वा ऐकले तसेच मन आणि वाणी असणे म्हणजे सत्य. शिवाय ती वाणी ऐकणाऱ्याला फसवणारी नसावी. त्यावरील टीकेत वाचस्पतिमिश्रांनी थेट युधिष्ठिराचेच उदाहरण दिले आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला होता. पण आपला पुत्र अश्वत्थामा गेला असे द्रोणांना वाटावे, यासाठीच युधिष्ठिराकडून त्यांना ‘अश्वत्थामा मेला’ असे उत्तर दिले गेले आणि ‘हत्ती’ हा शब्द अस्फुट ठेवला गेला. जमिनीपासून चार अंगुळे वर राहणारा युधिष्ठिराचा रथ तेव्हा खाली टेकला, आणि पुढे स्वर्गारोहणपर्वात त्याला काही काळ नरकही पाहावा लागला. मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ हे आज नुसत्या गुळमुळीत बोलण्याला म्हणतात. मूळ प्रसंग त्याहून बराच गंभीर आहे.

शंका : माहीत नसताना ठामपणे सांगितलेली गोष्ट योगायोगाने खरी निघाली तर?

समाधान : १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम १९१ च्या एका दृष्टांतात हाच प्रश्न आहे. अमुक माणूस अमुक दिवशी अमुक ठिकाणी होता हे आपल्याला ठाऊक आहे, असे साक्षीदार शपथेवर सांगतो. प्रत्यक्षात त्याला काहीच माहीत नसते. तो माणूस तिथे असो वा नसो, साक्ष खोटीच ठरते, कारण ‘मला ठाऊक आहे’ हेच खोटे असते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ मध्ये आहे.

शंका : चूक मागाहून उमगली तर?

समाधान : ती लगेच सांगावी. बुधवारी दुपारी पंचांग पुन्हा पाहून तिथी चुकल्याचे कळले, तरी सकाळचे बोलणे चूकच राहते. पण मान खाली जाईल म्हणून गप्प बसल्यास त्या क्षणापासून घरच्यांना जाणूनबुजून अंधारात ठेवले जाते. संध्याकाळी कोणी विचारले आणि पुन्हा ‘गुरुवारीच’ असे सांगितले, तर तो शब्द सकाळचाच असला तरी आता खोटा असतो.