हिमनदीची ठेव

२ नोव्हेंबर हा मृत भाविकांचा स्मरणदिन. त्या दिवशी आपण दफनभूमीत जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि ज्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. १९५० साली या स्मरणदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबईहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान फ्रान्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील ४८ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक जण खलाशी होते. इंग्लंडमध्ये आपल्या जहाजावर रुजू होण्यासाठी ते निघाले होते. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे एअर इंडियाचेच बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना जवळजवळ त्याच ठिकाणी कोसळले. ११७ जीव गेले. डॉ. होमी भाभा त्यांत होते. आपण पर्वत ओलांडला, असा वैमानिकाचा समज झाला होता. पर्वत मात्र अजून समोरच उभा होता.

दोन्ही विमानांचे अवशेष बर्फाने पोटात घेतले. परंतु हिमनदी ही अखेर नदीच असते. बोसाँ नावाची हिमनदी माँ ब्लाँच्या उंचीवरून शामोनीच्या खोऱ्याकडे अत्यंत संथपणे सरकत असते आणि वर जे घेतले ते कित्येक दशकांनी खाली आणून देते. २०१२ साली तिने भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची एक पिशवी परत केली. २०२० साली जुनी भारतीय वृत्तपत्रे बाहेर आली. इंदिरा गांधी यांची पंतप्रधानपदासाठी निवड झाल्याची बातमी त्यांत अजून वाचता येत होती. मानवी देहांचे अवशेषही अधूनमधून दिसतात. आणि २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला एक लहानशी धातूची पेटी सापडली. तिच्यात पाचू, माणके आणि नीलमणी होते.

त्या क्षणी त्या निर्जन बर्फात त्याला पाहणारे कोणी नव्हते. रत्नांचा धनी बहुधा ४७ वर्षांपूर्वीच निवर्तलेला. पेटी पिशवीत टाकून तो घरी गेला असता, तर कोणाच्याही तोंडचा घास हिरावला गेला नसता. तरीही खाली उतरून त्याने ती पोलिसांच्या स्वाधीन केली. का केली? आणि केली नसती, तर ती चोरी ठरली असती का?

आमच्या धर्मग्रामात एकदा मिस्सा संपल्यावर चर्च झाडणाऱ्या गृहस्थांना बाकाखाली सोन्याची बांगडी सापडली. तीन रविवार मी वेदीवरून निवेदन केले. कोणी आले नाही. मंडळाच्या बैठकीत एकाने सुचवले, “फादर, ज्याला सापडली त्यालाच देऊन टाका.” ते गृहस्थ दाराशीच उभे होते. ते म्हणाले, “फादर, मालक आला नाही, म्हणून ती माझी कशी होईल?” सेमिनरीत नीतिशास्त्राचा अभ्यास करताना हाच प्रश्न मी अनेक पानांत वाचला होता. त्यांनी तो एका वाक्यात मांडला.

संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत एक भेद केला आहे. मालकाने वस्तू टाकून दिली आहे, अशी सापडणाऱ्याची प्रामाणिक समजूत असेल, तर ती ठेवून घेणे ही चोरी नव्हे. एरवी मात्र ती चोरीच. टाकलेले आणि हरवलेले यांत हे अंतर आहे. रत्नांच्या मालकाने आपली पेटी टाकून दिली नव्हती. ती त्याच्यापासून मृत्यूने हिरावली होती. वाट चुकलेले गुरू किंवा हरवलेले वस्त्र बंधूला परत करावे, त्याकडे काणाडोळा करू नये, असे अनुवादाच्या पुस्तकातही सांगितले आहे. बंधू दूर असेल तर वस्तू जपून ठेवायची. आणि बंधू मृत्यूच्या पलीकडे गेला असेल तर? तरीही तो बंधूच राहतो.

येथे कोणी आक्षेप घेईल की, २०२१ साली त्या गिर्यारोहकाने अखेर रत्नांचा अर्धा वाटा घेतलाच ना! होय, घेतला. वारस निश्चित होऊ शकले नाहीत, तेव्हा फ्रेंच कायद्यानुसार अर्धी रत्ने त्याला आणि अर्धी शामोनी नगराला मिळाली. प्रत्येकाचा वाटा सुमारे दीड लाख युरोंचा होता. त्यात मला काहीही गैर दिसत नाही. त्याने आधी दिले आणि मग स्वीकारले. मधल्या आठ वर्षांत कोणीही वारस पुढे येऊन हक्क सांगू शकला असता. सापडलेल्या वस्तूवरची आपली मूठ सैल करणे, एवढेच न्याय आपल्याकडे मागतो. चोर आणि तो यांच्यात रत्नांचा फरक नाही, त्या सैल मुठीचा आहे.

१९५०च्या अपघातावरून सुचलेल्या हांरी त्रोया यांच्या कादंबरीत दोन भाऊ पर्वत चढतात. धाकट्याला मृतांजवळचा पैसा हवा असतो. थोरल्याला तेथे जिवंत सापडलेल्या स्त्रीला वाचवायचे असते. प्रत्यक्षातही त्या वेळी एक बचावपथक वर निघाले होते. त्यातील वाटाड्या रने पायो त्या बर्फातच मरण पावला. विमानातील कोणीच वाचले नव्हते. मग त्याचे मरण व्यर्थ गेले का? मला तसे वाटत नाही. कोणी हाक मारील, कोणी आभार मानील, याची खात्री नसताना तो परक्या देशातील अनोळखी माणसांसाठी निघाला होता.

जिवंत माणूस आपले देणे मागू शकतो, भांडू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. मृताला यांतले काहीच करता येत नाही. म्हणून त्याच्याशी आपण कसे वागतो, यात आपल्या न्यायबुद्धीची खरी कसोटी लागते. तोबीताने जिवावर उदार होऊन बेवारस प्रेतांना मूठमाती दिली, ती याच जाणिवेने. मृतांना पुरणे हे दयेचे कृत्य असल्याचे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. मृत आईबापांची जमीन वाटून घेताना, त्यांनी तोंडी दिलेला शब्द पाळताना किंवा मोडताना ते पाठांतर आपल्याला आठवते का?

ती बांगडी अजून आमच्या कार्यालयाच्या कपाटात, लिफाफ्यात ठेवलेली आहे. पुढच्या २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्ती लावताना, ज्यांच्या नावाचा दगड कोठेही नाही अशांसाठीही एक लावू या. आणि घरी परतल्यावर आपल्या कपाटात कोणाची ठेव राहिली आहे का, तेही पाहू या.