उन्हाळ्याच्या वेळापत्रकात एक मोकळा तास

आजचे वाचन: 1 तीमथ्य 4:12



दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की आपल्या कोल्हापुरातल्या मंडळ्यांत एकच चर्चा सुरू होते: यंदा तरुण संघासाठी काय घ्यायचं? कुणी म्हणतं पन्हाळ्यावर शिबिर, कुणी क्रिकेटचे सामने, कुणी लहान मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. सगळं चांगलंच आहे. पण यादी करण्याआधी आजचे वचन शांतपणे वाचू या.

वय कमी आहे म्हणून कोणी तुला हलके लेखू नये, असे पौल तीमथ्याला सांगतो. पण त्यासाठी भांडायला सांगत नाही. बोलणे, वागणे, प्रीती, विश्वास आणि शुद्धता या पाच गोष्टींत विश्वासणाऱ्यांपुढे आदर्श हो, असे सांगतो. विश्वासणारे म्हणजे फक्त लहान मुले नव्हेत. त्यांत वडील मंडळीही आली! मग तरुणांना फक्त खुर्च्या मांडायला बोलवायचं आणि बाकी सगळं मोठ्यांनी ठरवायचं, हे या वचनात बसत नाही.

वायल्डर हे नाव आपल्या शहराला चर्चमुळे ठाऊक आहे. मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथेच जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेला परतले. तिथे 1886 च्या उन्हाळ्यात डी. एल. मूडी यांच्या पुढाकाराने माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे बायबल शिबिर भरले. सुमारे 250 तरुण आले होते. मिशनकार्य हा शिबिराचा मुख्य विषय नव्हता. पण 22 वर्षांचा रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस त्यासाठी आधीपासून प्रार्थना करत होते. शिबिरात रॉबर्टने काही मुलांना प्रार्थनेसाठी एकत्र केले. शिबिर संपेपर्यंत सुमारे 100 जण परदेशी सेवेला जायला तयार झाले होते! त्यातूनच 1888 साली स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही चळवळ उभी राहिली.

विचार करा, कार्यक्रमपत्रिकेत ठळक नसलेली गोष्ट देवाने एका तरुणाच्या अंतःकरणात घातली, आणि मोठ्यांनी तिला जागा दिली.

म्हणून यंदा ठरवताना हे पाहू या. प्रार्थना कोण चालवणार, कोणता उतारा वाचायचा, हे तरुणांनाच ठरवू द्या. शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या मुलाला तीन दिवसांची रजा मिळत नाही. त्याच्यासाठी एखादी बैठक रात्री आठला ठेवा. शिबिराची फी परवडत नाही म्हणून एखादी मुलगी गप्प घरी बसली, तर आपण प्रीतीचा धडा कोणत्या तोंडाने शिकवणार? एक दिवस, चर्चला येऊ न शकणाऱ्या आजी-आजोबांच्या घरी जा, त्यांना वचन वाचून दाखवा. आणि रोज एक तास मोकळा सोडा. भाषण नाही, खेळ नाही. फक्त देवापुढे बसणे.

बारावीनंतर कोण पुण्याला जाईल, कोण मुंबईला. तिथे रविवारी त्यांना उठवायला आपण नसणार. खेळातलं बक्षीस ते विसरतील. प्रभूशी स्वतः बोलायची सवय मात्र सोबत जाईल.

प्रार्थना: हे प्रेमळ पित्या, आमच्या तरुणांशी तू स्वतः बोल. त्यांचे ऐकायला आम्हा मोठ्यांना नम्र कर. पैशांमुळे किंवा कामामुळे कोणीही बाहेर राहू नये, अशी बुद्धी आम्हांला दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.