तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे



"माझ्यावर विश्वास नाही का?" हिशेब विचारला की घरात, सोसायटीत, कधी कधी चर्चमध्येही हा प्रश्न येतो. विचारणारा ओशाळतो आणि हिशेब तसाच राहतो. तपासणी म्हणजे समोरच्याचा अपमान, असे आपण धरून चालतो. हे बरोबर आहे का?

कॅनडातील ब्री-एक्स या कंपनीचे उदाहरण घेऊ. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरील बुसांग येथे तिने १९९३ पासून सोन्याचा शोध चालवला. १९९७ च्या फेब्रुवारीत साठ्याचा अंदाज सुमारे ७ कोटी औंसांवर गेला. लोकांनी शेअर्सवर उड्या टाकल्या.

खाणीच्या शोधात जमिनीत खोल भोक पाडून खडकाचा गोल दांडा बाहेर काढतात. रीत अशी की तो उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा राखून ठेवायचा, म्हणजे फेरतपासणी करता येते. बुसांगला मात्र जवळजवळ सगळा दांडा फोडला जाई आणि नमुन्यांत बाहेरचे सोन्याचे कण मिसळले जात. प्रयोगशाळा खोटे बोलली नाही. तिच्या हाती आलेला नमुनाच खोटा होता.

१९९७ च्या मार्चमध्ये फ्रीपोर्ट या अमेरिकन कंपनीने तिथेच स्वतः भोके पाडली. सोने नगण्य निघाले. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या त्रयस्थ तज्ज्ञ कंपनीने फसवणुकीवर शिक्कामोर्तब केले. तोवर सामान्य माणसांची बचत आणि पेन्शन फंडांचेही पैसे बुडाले होते. पुढे २००१ मध्ये कॅनडात नियम आला: खनिजसाठ्याची माहिती जाहीर करताना तिला पात्र तज्ज्ञाचा आधार हवा.

आता संत पौलाकडे पाहू. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली मदत पोहोचवताना त्याने तीताबरोबर ख्रिस्तमंडळ्यांनी निवडलेला माणूसही घेतला. या पैशांवरून कोणी बोट दाखवू नये, हा आपला हेतू त्याने करिंथकरांना उघड लिहिला. प्रेषितालाही साक्षीदार नकोसा वाटला नाही.

तपासणीने तिघांचे रक्षण होते. ज्याचा पैसा आहे त्याचे नुकसानीपासून, प्रामाणिक माणसाचे संशयापासून आणि दुबळ्या माणसाचे मोहापासून. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मोहापासून राखण्याची विनंती आपण रोज करतो. मग आपल्या भावाला मोहाच्या तोंडी एकटे का सोडावे? देवावर आपण पूर्ण भरवसा ठेवतो. माणसावर प्रेम करतो, आणि प्रेम करतो म्हणूनच हिशेब विचारतो. मात्र तपासणारा त्रयस्थ हवा; निकालात ज्याचा फायदा नाही असा.

तेव्हा कोणी हिशेब मागितला तर रागावू नये, वही पुढे करावी. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू